स्नानगृहाचे नूतनीकरण आणि फरशीखालचे नळकाम

गृहनिर्माण मंडळे, विकास प्राधिकरणे आणि सहकारी संस्था यांनी १९७० ते १९९० या काळात देशातील शहरांत उभारलेल्या असंख्य इमारती आज तीस वर्षांहून अधिक जुन्या झाल्या आहेत. त्यांतील लोखंडी नळ गंजले आहेत, बिडाच्या उभ्या वाहिन्यांचे सांधे सुटू लागले आहेत आणि स्नानगृहाखालील स्लॅबमध्ये ओल उतरू लागली आहे. परिणामी स्नानगृहाचे नूतनीकरण हे शहरी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या जीवनातील एक नेहमीचे, परंतु खर्चिक काम होऊन बसले आहे. या कामाची सुरुवात बहुधा टाइल्सच्या दुकानातून होते. रंग, नक्षी, आरसा, कमोडचा आकार यांची निवड आधी होते आणि पाइप कोठून न्यायचे हा प्रश्न फरशी फोडल्यावर गवंडी व प्लंबर यांच्यावर सोपविला जातो. हा क्रम उलटा आहे. फरशीवरील सर्व गोष्टी पुढे बदलता येतात. फरशीखालील चूक मात्र सर्व काम पुन्हा फोडल्याशिवाय दुरुस्त होत नाही. ती चूक अनेकदा खालच्या मजल्यावरील कुटुंबाच्या छतातून प्रकट होते.

हा विषय केवळ एका घरापुरता मर्यादित नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पाणीपुरवठा तसेच सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हे राज्यसूचीतील विषय आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत घरगुती पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, मलनिःसारण आणि इमारत बांधकामाचे नियमन यांचा नगरपालिकांच्या कार्यांत समावेश आहे. धरणापासून जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत आणि तेथून घराच्या मीटरपर्यंत सार्वजनिक यंत्रणेची जबाबदारी असते. मीटरपासून तोटीपर्यंतचा आणि तोटीपासून गटाराच्या चेंबरपर्यंतचा शेवटचा टप्पा नागरिकाच्या हाती असतो. शुद्ध केलेले पाणी वाया जाणे, दूषित होणे किंवा सांडपाणी चुकीच्या वाहिनीत शिरणे यांपैकी बरेच काही या शेवटच्या काही मीटरमध्ये घडते.

पाणी आणणे आणि पाणी नेणे

नळकामाचे दोन भाग असतात: पुरवठा आणि निचरा. दोहोंमागील भौतिकशास्त्र भिन्न आहे आणि नियोजनाचे सर्व गमक या फरकात आहे. पुरवठ्याचे पाणी दाबाखाली असते. त्यामुळे ते वर, खाली, आडवे कोठेही नेता येते; वळणे अधिक झाली तर दाब थोडा घटतो, इतकेच. निचऱ्याचे पाणी मात्र केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहते. त्याला सलग उतार लागतो आणि तो उतार इमारतीच्या उभ्या वाहिनीपर्यंत टिकवावा लागतो. ही उभी वाहिनी सर्व मजल्यांची सामाईक असल्याने तिची जागा एका सदनिकाधारकाला बदलता येत नाही. म्हणून शौचकूप कोठे बसेल हे घरमालकाच्या आवडीवर नव्हे, तर त्या वाहिनीपासूनच्या अंतरावर आणि फरशीखाली उपलब्ध असलेल्या खोलीवर ठरते.

एक साधे गणित पाहू. १०० मिमी व्यासाच्या मलवाहिनीस ४० ला १ हा उतार देण्याचा प्रघात आहे. शौचकूप उभ्या वाहिनीपासून १ मीटरवर असेल तर आडव्या पाइपला २५ मिमी उतार पुरतो. तेच शौचकूप समोरच्या भिंतीकडे सरकवून अंतर ३ मीटर केले, तर ७५ मिमी उतार द्यावा लागतो. त्यात पाइपची स्वतःची जाडी, ट्रॅपची उंची आणि वरचे जलरोधन मिळविले की आवश्यक खोली झपाट्याने वाढते. ज्या इमारतींत स्नानगृहाखालचा स्लॅब ३०० मिमी किंवा अधिक खोल ठेवलेला आहे तेथे हे काम जमते. खोलगट स्लॅब नसेल तर स्नानगृहाची फरशीच उचलावी लागते, दारात पायरी येते आणि पुढे घरातील वृद्ध व्यक्ती त्या पायरीला अडखळते. स्नानगृहाचा आराखडा बदलण्याचा आग्रह या ठिकाणी सोडून देणे बहुधा शहाणपणाचे असते. हात धुण्याच्या बेसिनची जागा बदलणे तुलनेने सोपे आहे, कारण त्याचा निचरा लहान व्यासाच्या पाइपने होतो आणि भिंतीलगत नेता येतो.

उतार कमी असेल तर मैला मागे राहतो, हे सहज ध्यानात येते. उतार वाजवीपेक्षा अधिक असणेही घातक ठरते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. वाहिनीतील प्रवाहाला स्वतःच वाहिनी साफ ठेवण्याइतका वेग हवा. हा स्वयंशुद्धी वेग सेकंदाला सुमारे ०.७५ मीटर मानला जातो. वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला २.४ मीटर धरतात. प्रवाह त्याहून वेगवान झाल्यास पाइपची झीज होते. तसेच फार तीव्र उतारावर पाणी पुढे निघून जाऊन घनपदार्थ मागे राहण्याची शक्यता असते.

जुन्या भारतीय पद्धतीच्या शौचपात्राऐवजी कमोड बसविणे हा अशा नूतनीकरणाचा सर्वांत सामान्य प्रकार होय. जुन्या पात्राचा ट्रॅप फरशीखाली असतो. नवा कमोड दोन प्रकारचा मिळतो. ‘एस’ ट्रॅपच्या कमोडचे तोंड खाली फरशीत उघडते, तर ‘पी’ ट्रॅपचे तोंड मागे भिंतीकडे असते. बाहेरच्या भिंतीपलीकडे लगेच शाफ्ट असेल तर ‘पी’ ट्रॅपमुळे फरशी खोलवर फोडणे टळते. ‘एस’ ट्रॅप निवडल्यास तयार भिंतीपासून, म्हणजे टाइल बसल्यानंतरच्या पृष्ठभागापासून, निचऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर आधी मोजावे लागते. हे माप न घेता आणलेला कमोड भिंतीला टेकतो किंवा भिंतीपासून दूर उभा राहतो. फरशीखालील जुना ट्रॅप तसाच ठेवून त्यावर स्वतःचा ट्रॅप असलेला कमोड बसविणे ही आणखी एक चूक आहे. एकापाठोपाठ दोन ट्रॅप आले की त्यांच्यामध्ये हवा कोंडते आणि निचरा मंदावतो.

जलबंध : ५० मिमी पाण्याचे महत्त्व

अभियांत्रिकीच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत ‘नहाणी ट्रॅप’ हा शब्द हमखास आढळतो. आपल्या न्हाणीघरातील न्हाणी थेट तांत्रिक परिभाषेत जाऊन बसली आहे, याची मराठी विद्यार्थ्यास मौज वाटावी. स्नानगृहाच्या जमिनीवरील पाणी ज्या जाळीतून खाली जाते, तिच्या खालचे हे वाकलेले पात्र. त्यात सदैव थोडे पाणी साचून राहते. हाच जलबंध होय. त्याची खोली साधारणतः ५० मिमी असावी, असा दंडक आहे. गटारातील दुर्गंधी, वायू, झुरळे आणि रोगजंतू यांच्यात व घराच्या हवेत दुसरा कोणताही अडसर नसतो.

हा जलबंध तीन कारणांनी मोडतो. पहिले कारण शोषण: वरच्या मजल्यावरून मोठा प्रवाह खाली कोसळताना उभ्या वाहिनीतील हवा ओढली जाते आणि तिच्याबरोबर ट्रॅपमधील पाणीही जाते. हे टाळण्यासाठी उभी वाहिनी छताच्या वर उघडी ठेवतात आणि आवश्यक तेथे वेगळी वायुवीजन नळी जोडतात. नूतनीकरणाच्या वेळी ‘ही नळी कशाला हवी’ असे म्हणून ती कापून बंद केल्याची उदाहरणे इमारतीगणिक सापडतात. दुसरे कारण म्हणजे खालील वाहिनी तुंबल्यामुळे निर्माण होणारा उलटा दाब. तिसरे कारण अगदी साधे आहे, ते म्हणजे बाष्पीभवन. महिनोन्‌महिने न वापरलेल्या स्नानगृहातील ट्रॅप कोरडा पडतो.

कोरड्या ट्रॅपचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात हे हाँगकाँगमध्ये मार्च २००३ मध्ये दिसून आले. तेथील अमॉय गार्डन्स या ३३ मजली इमारतींच्या वसाहतीत सार्स रोगाची लागण ३०० हून अधिक रहिवाशांना झाली. तपासात जी कारणपरंपरा पुढे आली तीत स्नानगृहांच्या फरशीतील कोरडे पडलेले ट्रॅप प्रमुख होते. रहिवासी फरशीवर पाणी न ओतता ती पुसून घेत असल्याने ट्रॅपमध्ये पाणी उरले नव्हते. त्यातच गरजेहून अधिक क्षमतेचे एक्झॉस्ट पंखे सुरू होताच मलवाहिनीतील हवा व सूक्ष्म थेंब स्नानगृहात ओढले गेले. भारतीय स्नानगृह परंपरेने ओले असते, म्हणून आपण या धोक्यापासून काहीसे सुरक्षित राहिलो. आता मात्र काचेचे विभाजन करून स्नानाचा भाग ओला व उरलेला भाग कोरडा ठेवण्याची पद्धत रूढ होत आहे. कोरड्या भागातील ट्रॅपमध्ये पाणी पोहोचणार कसे, याचा विचार आराखड्यातच व्हायला हवा. बेसिनचे पाणी त्या ट्रॅपमधून पुढे नेणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. एक्झॉस्ट पंखा बसवताना दाराखाली हवा आत येण्यास फट ठेवणेही तितकेच आवश्यक.

जमिनीला न्हाणीकडे दर मीटरला १० ते १५ मिमी उतार पुरतो. टाइल जितकी मोठी, तितके चारही बाजूंनी उतार देणे कठीण, हे टाइल निवडण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

पुरवठा : दाब, पाइप आणि भिंत

दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे एक बार असतो. गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी शॉवरच्या तोंडापासून केवळ २ मीटर वर असेल, तर तेथे ०.२ बार इतकाच दाब मिळतो. सर्वांत वरच्या मजल्यावरील कुटुंबाने महागडा, रुंद तोंडाचा शॉवर बसवूनही त्यातून पाणी ठिबकावे, यात आश्चर्य नाही. टाकी उंचावणे, टाकीपासून येणारा पाइप अधिक व्यासाचा घेणे किंवा छोटा दाबवर्धक पंप बसविणे हे पर्याय आहेत. मात्र पंप नेहमी टाकीनंतर बसवावा. नगरपालिकेच्या वाहिनीला थेट पंप जोडणे हा नियमभंग तर आहेच, शिवाय आरोग्याला थेट धोकाही आहे.

हा धोका समजून घेणे महत्त्वाचे आहे. देशातील बहुतांश शहरांत पाणी ठरावीक तासच येते. पुरवठा थांबल्यावर वाहिनीतील दाब शून्यावर किंवा त्याखाली जातो आणि जेथे गळती असते तेथून बाहेरचे घाण पाणी आत शोषले जाते. पंपाच्या ओढीने हेच शोषण वाढते. घरातही तसेच घडू शकते. कमोडशेजारी टांगलेला हातशॉवर पात्रात लोंबत राहिला किंवा नळाची रबरी नळी बादलीत बुडालेली असली, आणि त्याच क्षणी वाहिनीत ऋण दाब निर्माण झाला, तर ते पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळते. म्हणून स्नानगृहातील पुरवठा टाकीतून घ्यावा, टाकीत पाणी सोडणाऱ्या नळाचे तोंड पाण्याच्या सर्वोच्च पातळीच्या वर ठेवावे आणि हातशॉवरच्या जोडणीवर एकमार्गी झडप बसवावी. ओडिशातील पुरी येथे जुलै २०२१ मध्ये थेट नळाचे पाणी पिता येईल अशी चोवीस तासांची व्यवस्था सुरू झाली. तिचे मोल या पार्श्वभूमीवर कळते: सततचा दाब ही सोय तर आहेच, पण बाहेरची घाण आत येऊ न देणारी ती एक संरक्षक भिंतही आहे.

जुने जस्तलेपित लोखंडी नळ आतून गंजून त्यांचा उपयुक्त व्यास घटत जातो. नूतनीकरणात अर्धेच नळ बदलले तर उरलेल्या जुन्या भागातील गंज सुटून नव्या तोट्यांत अडकतो. आज थंड व गरम दोन्ही पाण्यासाठी सीपीव्हीसी पाइप सर्रास वापरले जातात. त्यांचे भारतीय मानक आयएस १५७७८ हे होय. साध्या पीव्हीसी पाइपचे मानक आयएस ४९८५ हे थंड पाण्यासाठी आहे. गीझरच्या जोडणीत ते पाइप वापरू नयेत. घरातील मल व सांडपाण्याच्या पीव्हीसी वाहिन्यांसाठी आयएस १३५९२ हे स्वतंत्र मानक आहे. पीव्हीसी पाइपच्या निर्मितीत स्थिरक म्हणून शिशाच्या संयुगांचा वापर होत असे. त्यावर निर्बंध घालणारे नियम केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०२१ मध्ये अधिसूचित केले. पाइपवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह पाहून घेणे, हा ग्राहकाच्या हाती असलेला सर्वांत सोपा उपाय आहे.

पाइप भिंतीत दडविण्यासाठी खाचा पाडतात, तेव्हा इमारतीच्या सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहतो. विटांच्या भारवाहक भिंतींबाबतच्या आयएस १९०५ या मानकानुसार उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून आणि आडवी खाच एक षष्ठांशाहून खोल नसावी. २३० मिमी भिंतीत आडव्या खाचेची मर्यादा त्यामुळे ३८ मिमी येते. ११५ मिमीच्या अर्ध्या विटेच्या भिंतीत ती जेमतेम १९ मिमी भरते, म्हणजे सामान्य पाइपही त्यात मावत नाही. पाइप उभे उतरवावेत आणि आडवा प्रवास शक्यतो जमिनीलगत किंवा भिंतीपुढे उभारलेल्या पातळ आवरणामागे करावा, हा त्याचा अर्थ. स्तंभ आणि तुळई यांना छिन्नी लावणे कोणत्याही परिस्थितीत अमान्य आहे. तसेच जेथे पुढे वृद्धांसाठी आधारदांडे बसवावे लागतील तेथून पाइप नेऊ नयेत. अन्यथा दांड्यासाठी भिंतीला भोक पाडताना पाइपच फुटतो.

गीझरची जागाही याच वेळी ठरवावी. १५ मिमी आतील व्यासाच्या १० मीटर लांब पाइपमध्ये सुमारे पावणेदोन लिटर पाणी मावते. गरम पाणी हाती येण्यापूर्वी इतके थंड पाणी प्रत्येक वेळी सांडावे लागते आणि तोटी बंद केल्यावर तितकेच गरम पाणी पाइपात निवते. गीझर तोटीजवळ असल्यास पाणी आणि वीज दोहोंची बचत होते.

पाण्याचा हिशेब

मलनिःसारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण नियोजनात धरले जाते. पाठ्यपुस्तकांतील प्रचलित विभागणीनुसार त्यांपैकी ५५ लिटर स्नानासाठी, ३० लिटर शौचालयासाठी, २० लिटर कपडे धुण्यासाठी, प्रत्येकी १० लिटर भांडी व घर धुण्यासाठी आणि प्रत्येकी ५ लिटर स्वयंपाक व पिण्यासाठी लागतात. म्हणजे १३५ पैकी ८५ लिटर, सुमारे ६३ टक्के, स्नानगृहातच वापरले जातात. ग्रामीण भागासाठी १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनचे उद्दिष्ट दरडोई ५५ लिटर आहे. ही दोन प्रमाणे शेजारी ठेवली की एक विसंगती डोळ्यांत भरते: शहरी नियोजनात केवळ स्नानासाठी जितके पाणी धरलेले आहे, तितक्यात ग्रामीण नागरिकाच्या सर्व गरजा भागवायच्या आहेत.

बचतीची सर्वांत मोठी संधी फ्लशच्या टाकीत आहे. जुन्या टाक्या एका वेळी १० लिटर किंवा अधिक पाणी सोडतात; दुहेरी फ्लशच्या नव्या टाक्या ६ व ३ लिटर सोडतात. चार व्यक्तींचे कुटुंब घेऊ. प्रत्येकाने दिवसातून पाच वेळा फ्लश वापरला तर जुन्या टाकीत २०० लिटर खर्ची पडतात. नव्या टाकीत एक पूर्ण व चार अर्धे फ्लश धरल्यास दरडोई १८, म्हणजे एकूण ७२ लिटर पुरतात. दररोज १२८ लिटर आणि वर्षाला सुमारे ४६,७०० लिटर पाणी वाचते. अर्थात येथेही फरशीखालच्या भागाचा संबंध येतो. पाणी कमी सोडले की मैला वाहून नेण्यासाठी उतार अचूक लागतो. खडबडीत जुन्या बिडाच्या आडव्या पाइपला नवी टाकी जोडून ‘कमी पाण्याच्या फ्लशने काम होत नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांचा दोष टाकीला देणे योग्य नव्हे.

पाणी वाचविणाऱ्या उपकरणांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२१ मध्ये आयएस १७६५० हे मानक तयार केले. बंगळुरूने २०२४ च्या उन्हाळ्यात तीव्र टंचाई अनुभवली, तेव्हा तेथील पाणीपुरवठा मंडळाने व्यावसायिक आस्थापना व निवासी संकुलांतील नळांना एरेटर बसविणे सक्तीचे केले. टंचाई आल्यावर तोटीला जाळी बसविता येते. भिंतीतला पाइप मात्र तेव्हा बदलता येत नाही. म्हणून नूतनीकरण करताना फ्लशच्या टाकीकडे जाणारा पाइप अन्य पुरवठ्यापासून वेगळा ठेवणे दूरदृष्टीचे ठरते. पुढे इमारतीत प्रक्रिया केलेले सांडपाणी किंवा पावसाचे पाणी उपलब्ध झाले तर ते केवळ त्या पाइपला जोडता येईल. या दोन पाइपांची कोठेही परस्पर जोडणी होणार नाही, याची खबरदारी मात्र घ्यावी लागते.

नियम कोणते आणि पाणी जाते कोठे

राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या १९८३, २००५ व २०१६ अशा सुधारित आवृत्त्या निघाल्या. २०१६ च्या संहितेचा नववा भाग नळकामाविषयी आहे. संहिता स्वतः शिफारसवजा असून राज्ये व स्थानिक संस्था यांनी आपल्या नियमावलीत स्वीकारल्यावर तिला बंधनकारक स्वरूप येते. हा भेद परीक्षार्थींकडून अनेकदा निसटतो. स्वतंत्र स्नानगृहाचे किमान क्षेत्रफळ १.८ चौ.मी., शौचालयाचे १.१ चौ.मी. आणि एकत्रित असल्यास २.८ चौ.मी. हे संहितेतील प्रमाण आहे. दोन लहान खोल्यांमधील भिंत पाडून एक करणाऱ्यांनी ते पाहून घ्यावे. सहकारी गृहनिर्माण संस्थांत संस्थेची पूर्वपरवानगी लागते. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार बाहेरील सामाईक वाहिन्यांच्या गळतीचा खर्च संस्थेचा आणि सदनिकेतील अंतर्गत दुरुस्तीचा खर्च सभासदाचा, अशी ढोबळ विभागणी आहे. गळती नक्की कोठून होते, हाच वादाचा मुद्दा असतो. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी खालच्या घराच्या छताची पाहणी दोन्ही कुटुंबांनी मिळून केलेली बरी.

जुन्या इमारतींत बहुधा द्विवाहिनी पद्धत आढळते. शौचकूपाचा मैला एका उभ्या वाहिनीतून थेट चेंबरकडे जातो. स्नानाचे व बेसिनचे पाणी दुसऱ्या वाहिनीतून खाली गली ट्रॅपवर पडते व मग गटाराला मिळते. दुसऱ्या वाहिनीला शौचकूप जोडले तर मैला उघड्या गली ट्रॅपवर येतो. पावसाच्या पाण्याची तिसरी वाहिनी असते, आणि सर्वाधिक गैरवापर हिचाच होतो. बाल्कनी बंद करून तेथे स्नानगृह किंवा कपडे धुण्याचे यंत्र आणले जाते आणि निचरा जवळच्या पावसाळी पाइपमध्ये सोडला जातो. ते पाणी मलनिःसारण केंद्राकडे न जाता पावसाळी गटारातून नाल्यात व तेथून प्रक्रियेविना नदीत किंवा समुद्रात जाते. नदीशुद्धीवर मोठा सार्वजनिक निधी खर्च होत असताना हे असे चुकीचे जोड कोणाच्या नजरेस पडत नाहीत.

भूमिगत गटार नसलेल्या वस्तीत हे पाणी सेप्टिक टाकीत जाते. तिचे आकारमान आयएस २४७० नुसार वापरकर्त्यांच्या संख्येवर ठरते. एका स्नानगृहाची दोन केली, भाडेकरू ठेवले, तरी टाकी तीच राहते; मग ती लवकर भरते. दोन खड्ड्यांच्या शौचालयात तर स्नानाचे पाणी सोडूच नये. खड्ड्यातील मैल्याचे खत होण्यासाठी तो कोरडा राहणे गरजेचे असते. टाकी उपसण्यासाठी माणूस आत उतरविणे हा गुन्हा आहे. हाताने मैला साफ करणारे कामगार म्हणून नियुक्तीस प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, २०१३ च्या कलम ७ ने गटार व सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई करून घेण्यास मनाई केली आहे. ही मनाई नगरपालिकेइतकीच घरमालकालाही लागू आहे. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. अशा मृत्यूंच्या भरपाईची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये ठरविली होती. ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती ३० लाखांवर नेली. घराच्या आराखड्याशी याचा थेट संबंध आहे. टाकीचे झाकण अंगणातील फरशीखाली गाडले गेले किंवा उपसा यंत्राची नळी तेथवर पोहोचू शकली नाही, की माणूस उतरविण्याचा मोह सुरू होतो.

कारागीर आणि कामाचा क्रम

ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातील पट्टामुंडाई परिसरातून पिढ्यान्‌पिढ्या प्लंबर देशभर जात आले आहेत. तेथे या व्यवसायाची प्रशिक्षण संस्थाही आहे. देशातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्लंबर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. तरीही बहुसंख्य कारागीर हाताखाली काम करत शिकलेले असतात. त्यांचे कसब नाकारण्याचे कारण नाही. परंतु लेखी आराखडा हाती देण्याची पद्धत नसल्याने प्रत्येक निर्णय त्यांना जागेवर, घरमालक कामावर गेलेला असताना, एकट्याने घ्यावा लागतो.

कामाचा क्रम असा असावा. प्रथम उभ्या वाहिन्यांची जागा व स्लॅबची खोली मोजून खोलीचा प्रमाणबद्ध नकाशा काढावा आणि त्यावर आधी निचरा, मग पुरवठा दाखवावा. कमोड, बेसिन, तोट्या यांची निवड त्यानंतर, पण तोडफोडीपूर्वी व्हावी, कारण प्रत्येक वस्तूच्या मापावर पाइपचे तोंड ठरते. तोडफोडीनंतर निचऱ्याचे पाइप बसवून त्यांत बादलीभर पाणी ओतून प्रवाह पाहावा. पुरवठ्याच्या पाइपांची तोंडे बंद करून कार्यदाबाच्या दीडपट दाबाने चाचणी घ्यावी. मग जलरोधन करून निचऱ्याचे तोंड बंद करावे, जमिनीवर पाणी साठवावे आणि किमान २४ तास, शक्य तर ४८ तास खालच्या छताकडे लक्ष ठेवावे. घाई नेमकी याच टप्प्यावर होते. गवंडी उभा असतो, टाइल्स आलेल्या असतात आणि घरातील माणसे शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात असतात. तरीही हे दोन दिवस राखून ठेवावेत. प्रत्येक स्नानगृहासाठी स्वतंत्र बंद-झडप हाताला येईल अशा ठिकाणी असावी.

टाइल लागण्यापूर्वी भिंतीतील व जमिनीतील प्रत्येक पाइपचे मोजपट्टीसह छायाचित्र घ्यावे आणि कामात झालेले बदल नकाशावर उतरवावेत. त्या नकाशाची एक प्रत संस्थेच्या दप्तरी सदनिकेच्या कागदांत लावून घ्यावी, म्हणजे घर विकले गेले किंवा भाड्याने दिले तरी पुढच्या प्लंबरला ती पाहता येईल.